घरी घडवलेल्या गिटारची वायरिंग: पिकअपपासून जॅकपर्यंत

बॉडी कापून, घासून, पॉलिश करून झाली, फ्रेट बसले, आणि काम अडलं ते वायरिंगपाशी. घरी गिटार घडवणाऱ्या बऱ्याच जणांचं असंच होतं. लाकडाला न घाबरणारी माणसं सोल्डरिंग आयर्न हातात घेताना बिचकतात, कारण समोरच्या आकृतीत दहा रंगांच्या तारा एकमेकींत गुंतलेल्या दिसतात. पण साध्या इलेक्ट्रिक गिटारमध्ये बॅटरी नसते, सर्किट बोर्ड नसतो, उलट जोडल्यामुळे जळून जाईल असा एकही भाग नसतो. सगळे मिळून पंधरा-वीस जॉइंट. एखादा चुकला तर सोल्डर वितळवायचं, तार काढायची, योग्य ठिकाणी लावायची. फक्त कोणती तार कशासाठी आहे हे आपल्याला ठाऊक पाहिजे. म्हणून आकृती पाठ करण्यापेक्षा सिग्नलची वाट समजून घ्या आणि प्रत्येक टप्प्यावर मल्टिमीटर लावून खात्री करा. असं केलेली वायरिंग पहिल्याच फटक्यात चालू होते.

नवख्यांनी सुरुवात कुठल्या रचनेपासून करावी, याबद्दल माझं मत पक्कं आहे: दोन सिंगल-कॉइल, म्हणजे एकाच कॉइलचे पिकअप, तीन जागांचा स्विच, एक व्हॉल्यूम, एक टोन. फेंडरच्या टेलिकास्टरवर १९६७पासून हीच मांडणी आहे: एका टोकाला नेककडचा पिकअप, मधल्या जागी दोन्ही, दुसऱ्या टोकाला ब्रिजकडचा. त्याआधी त्याच गिटारच्या स्विचची मधली जागा वेगळं काम करायची, तिथे दोन्ही पिकअप एकत्र लागत नसत. मी एकच बदल सुचवीन. टेलिकास्टरला लांबट फटीत सरकणारा लिव्हर स्विच असतो. ती अरुंद फट हाताने सरळ कापणं कठीण जातं. त्याऐवजी गिब्सन कंपनीच्या लेस पॉल गिटारवर असतो तसा टोगल स्विच घ्या. त्याला एक गोल भोक पुरतं.

सिग्नल कुठून कुठे जातो

पिकअप म्हणजे चुंबक आणि त्याच्याभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. ही तार साधारण ०.०६ मिलिमीटर जाडीची असते. चुंबकामुळे गिटारची पोलादी तार स्वतः थोडी चुंबकीय होते. ती थरथरली की कॉइलमधलं चुंबकीय क्षेत्र बदलतं आणि कॉइलच्या दोन टोकांमध्ये व्होल्टेज निर्माण होतं, काही शे मिलिव्होल्टचं. नायलॉनच्या तारा लावून इलेक्ट्रिक गिटार वाजत नाही ती याचसाठी.

कॉइलच्या दोन टोकांपैकी एकाला हॉट म्हणायचं, दुसऱ्याला ग्राउंड. पिकअपची हॉट तार स्विचला जाते, स्विचमधून व्हॉल्यूम पॉटला (पॉट म्हणजे नॉबखालचा पोटेन्शिओमीटर) आणि तिथून जॅकच्या टोकाला. ग्राउंडच्या तारा मात्र कुठेही न थांबता एकत्र येतात आणि जॅकच्या बाहेरच्या भागाला मिळतात.

व्हॉल्यूम पॉटला तीन पाय असतात. दोन टोकांच्या पायांमध्ये कार्बनची पट्टी असते आणि मधला पाय त्या पट्टीवर सरकतो. एका टोकाला सिग्नल, दुसऱ्याला ग्राउंड, मधल्या पायातून जॅककडे. शेतात पाटाला दोन वाटा फोडल्या की एक वाट जितकी रुंद करावी तितकं दुसरीकडचं पाणी कमी होतं, तसंच हे: नॉब खाली केला की सिग्नल ग्राउंडकडे वळतो आणि जॅककडे जाणारा उरतो थोडा.

टोनमध्ये पॉटसोबत कपॅसिटर असतो. कपॅसिटर उंच स्वर सहज सोडतो, खालचे अडवतो. त्याचं एक टोक ग्राउंडला असल्यामुळे टोनचा नॉब खाली आणला की उंच स्वर ग्राउंडमध्ये निघून जातात आणि आवाज मऊ होतो. टोनचा नॉब पूर्ण उघडा असताना वाटेत पॉटचा सगळा रेझिस्टन्स उभा असतो, त्यामुळे फारसं काही गळत नाही.

सामान

पॉट दोन, दोन्ही २५० के, म्हणजे २५० किलोओहमचे, आणि दोन्ही ऑडिओ टेपर. टेपर म्हणजे नॉब फिरवताना रेझिस्टन्स कोणत्या प्रमाणात बदलतो ते. पॉटवर 'ए२५०के' असं लिहिलेलं असतं. 'ए' म्हणजे ऑडिओ, 'बी' म्हणजे लिनिअर. लिनिअर पॉट व्हॉल्यूमला लावला तर दहापासून तीनपर्यंत फारसा फरक कळत नाही आणि मग एकदम आवाज पडतो. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात २५० के मिळाला नाही, तर २२० के घ्या. पॉटवर छापलेल्या आकड्यात तसाही वीस टक्क्यांचा फरक चालवून घेतात, त्यामुळे २५० केचा पॉट मोजला तर २०० ते ३००मध्ये कुठेही भरतो. टेपर मात्र विचारून घ्या.

पॉट विकत घेतल्याशिवाय भोक पाडू नका. मोठ्या, सुमारे २४ मिलिमीटर व्यासाच्या पॉटला साडेनऊ मिलिमीटरचं भोक लागतं, १६ मिलिमीटरच्या छोट्या पॉटला सात-आठ मिलिमीटर पुरतं. लाकडाची जाडी जास्त असेल तर पॉटचा आट्यांचा भाग वरपर्यंत पोचतच नाही आणि नट बसत नाही. अशा वेळी आतून लाकूड कोरून तिथली जाडी पाच-सहा मिलिमीटरवर आणावी लागते. टोगल स्विच तर आत बराच खोल जातो. पोकळीची खोली आधी मोजा.

कपॅसिटर ०.०२२ किंवा ०.०४७ मायक्रोफॅरडचा. त्यावर आकडा असतो '२२३' किंवा '४७३'. दुकानात मिळणारा साधा पॉलिएस्टर कपॅसिटर उत्तम चालतो. त्यावर १०० व्होल्ट लिहिलंय की ६३० व्होल्ट, याने गिटारला काही फरक पडत नाही. आपला सिग्नल एका व्होल्टच्या आसपासचा. 'व्हिंटेज' म्हणून हजारो रुपयांना विकले जाणारे कपॅसिटर घेऊ नका. तोच पैसा चांगल्या जॅकला आणि स्विचला घाला, कारण हलणारे भागच आधी खराब होतात. जॅक पाव इंची मोनो, उघड्या पत्र्याचा घ्या. बंद प्लॅस्टिक डबीचे जॅक गिटारमध्ये लवकर ढिले पडतात.

बाकी लागेल ते असं: बारीक मल्टिस्ट्रँड वायर दोन रंगांत, थोडी शिल्डेड (भोवती धातूची जाळी असलेली) वायर, आतून रोझिन फ्लक्स असलेलं ६०/४०चं सोल्डर, चपट्या टोकाचं ४० ते ६० वॅटचं आयर्न, तांब्याची चिकटपट्टी, आणि मल्टिमीटर. नळकामाचा ॲसिड फ्लक्स कितीही आग्रहाने कुणी दिला तरी वापरू नका. तो जॉइंट आतून खातो. ६०/४०मध्ये शिसं असतं, म्हणून काम झाल्यावर हात साबणाने धुवा आणि काम करताना खिडकी उघडी ठेवा.

सोल्डर लावण्याआधी मोजायचं

ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि पुढे ज्या अडचणी येतात त्यातल्या अर्ध्या इथेच सापडल्या असत्या.

मल्टिमीटर २० केच्या रेंजवर ठेवा आणि पिकअपच्या दोन तारांना लावा. सिंगल-कॉइल सहसा साडेपाच ते आठ किलोओहम दाखवतो. काहीच आकडा आला नाही तर कॉइल आतून तुटली आहे किंवा तार नीट लागलेली नाही. दोन्ही पिकअपचे आकडे वहीत लिहून ठेवा, शेवटी लागणार आहेत.

आता दोन पिकअप एकाच फेजमध्ये आहेत का, म्हणजे दोन्हींचा सिग्नल एकाच वेळी एकाच दिशेने जातो का, ते पाहू. मीटर तसाच लावलेला असू द्या: लाल पिन जी तार हॉट करणार तिला, काळी ग्राउंडच्या तारेला. एक पोलादी स्क्रूड्रायव्हर पिकअपच्या खुंट्यांवर (तारांखाली दिसणाऱ्या धातूच्या गोल टोकांवर) टेकवा आणि झटकन उचला. उचलताना मीटरवरचा आकडा क्षणभर वर उसळेल किंवा खाली जाईल. दोन-तीनदा करा म्हणजे दिशा नक्की कळेल. दुसऱ्या पिकअपवर तेच करा. दोन्हींची दिशा सारखी, तर फेज जुळली. उलटी असेल तर एका पिकअपच्या दोन तारांची अदलाबदल करायची. पण ज्या पिकअपवर धातूचं झाकण असतं, त्याचं झाकण ग्राउंडच्या तारेला जोडलेलं असतं. नुसती अदलाबदल केली तर झाकण हॉट होतं आणि हात लागला की गुरगुरतं. तेव्हा झाकण नसलेल्या पिकअपच्या तारा बदला. दोन्हीला धातू असेल तर झाकणाची जोडणी कॉइलपासून सोडवून तिला वेगळी ग्राउंड तार द्या. हे करताना कॉइलच्या बारीक तारेला धक्का लागू देऊ नका. ती तुटली की पिकअप पुन्हा गुंडाळावा लागतो.

विरुद्ध फेज हा दरवेळी दोषच असतो असंही नाही. क्वीन बँडचा ब्रायन मे याने वडिलांसोबत १९६३पासून घरी घडवलेल्या 'रेड स्पेशल' गिटारमध्ये तिन्ही पिकअपना प्रत्येकी एक चालू-बंद खटका आणि प्रत्येकी एक फेज उलटवायचा खटका आहे. तिचा नेक जुन्या फायरप्लेसच्या लाकडाचा आहे. फेज उलटवल्यावर दोन पिकअप एकमेकांचे खालचे स्वर खातात आणि पातळ, नाकातला आवाज उरतो. त्याने तो मुद्दाम, हवा तिथे वापरला. आपल्या पहिल्या गिटारला मात्र फेज जुळलेलीच ठेवा.

पॉटचे पाय ओळखण्यासाठी पॉट पालथा धरा, दांडा पलीकडे आणि पाय तुमच्याकडे. डावा पाय सिग्नल आत येण्याचा, मधला बाहेर जाण्याचा, उजवा ग्राउंडचा. माझ्यावर विसंबू नका, मोजा: दांडा घड्याळाच्या काट्याच्या दिशेने पूर्ण फिरवल्यावर मधला पाय ज्या टोकाच्या पायाशी जवळजवळ शून्य ओहम दाखवतो, तो सिग्नल आत येण्याचा पाय.

टोगल स्विचवर कंटिन्युइटी (दोन टोकं जोडलेली असली की बीप देणारी मीटरची सोय) लावा आणि बीप ऐका. मधल्या दोन पट्ट्या एकत्र जोडून बाहेर जाणारा पाय होतो, कडेचे दोन पाय दोन पिकअपचे, आणि बहुतेक टोगलला सांगाड्याचा एक वेगळा ग्राउंड पाय असतो. खटका मध्ये असताना कडेचे दोन्ही पाय बीप देतात. खटका एका बाजूला ढकलला की आत कुठली पट्टी उघडते ते डोळ्यांनीही दिसतं. कडेच्या पायांवर मार्करने 'नेक' आणि 'ब्रिज' लिहून टाका.

पोकळीला तांबं लावणं

सिंगल-कॉइल पिकअप घरातल्या विजेचा गुंजारव पकडतो. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणून हा आवाज ५० आणि १०० हर्ट्झवर घुमतो. पंख्याचा रेग्युलेटर आणि ट्यूबलाइट त्यात आपली भर घालतात. पोकळीला तांब्याची पट्टी लावल्याने तारांमध्ये शिरणारी खरखर कमी होते. कॉइलमध्ये चुंबकीय मार्गाने शिरणारी घरघर मात्र राहतेच. ती घालवण्यासाठीच गिब्सनच्या सेथ लव्हर यांनी दोन कॉइलचा हंबकर काढला, त्याच्या पेटंटसाठी १९५५ मध्ये अर्ज झाला. तुमच्या दोन सिंगल-कॉइलपैकी एक उलट गुंडाळलेला आणि उलट चुंबकाचा असेल तर मधल्या जागी हीच किमया फुकट मिळते. जोडी घेताना विक्रेत्याला हे जरूर विचारा.

पट्टी लावताना तळ आणि सगळ्या भिंती झाका, तुकडे एकमेकांवर चढवा आणि वरच्या काठावर थोडी बाहेर वळवा, म्हणजे झाकणाच्या आतल्या बाजूला लावलेली पट्टी तिला टेकेल. मग मीटरने बघा, एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत बीप येतो का. काही पट्ट्यांचा डिंक वीज वाहत नाही. तिथे तुकड्यांच्या जोडावर सोल्डरचा एक थेंब द्या. स्वयंपाकघरातली ॲल्युमिनिअम फॉइल वापरायचा मोह टाळा, तिला सोल्डर धरत नाही.

एक जागा खास सांभाळायची: जॅकची. केबलचा प्लग आत गेला की जॅकची लवचिक पात बाहेर फाकते. रिकामा जॅक पट्टीपासून लांब दिसतो, पण प्लग घातला की पात पट्टीला टेकते आणि गिटार मुकी होते. जॅकसमोरच्या भिंतीवर इन्सुलेशन टेपचा तुकडा लावून मोकळे व्हा.

सोल्डर कसं धरतं

आयर्नने सोल्डर वितळवून ते जोडावर ओतायचं नसतं. आयर्न पायाला आणि तारेला एकाच वेळी टेकवायचं, दोन सेकंद थांबायचं आणि सोल्डर आयर्नला नव्हे, गरम झालेल्या पायाला लावायचं. ते आपसूक पसरून तारेला कवेत घेतं. आयर्न काढल्यावर तीन-चार सेकंद तार हलू देऊ नका. चांगला जॉइंट चकचकीत आणि उतरता दिसतो. गोळा होऊन बसलेला, भुरकट जॉइंट म्हणजे ड्राय सोल्डर. तो आज वाजेल, पुढच्या आठवड्यात खरखर करेल.

तारेचं टोक सोलल्यावर पीळ देऊन त्यावर आधी सोल्डरचा पातळ थर चढवा, पायावरही चढवा. मग दोन्ही एकत्र आणले की क्षणात जुळतात.

पॉटची पाठ हा नवख्यांचा खरा कस. पत्र्याची ती टोपी उष्णता शोषून घेते, २५ वॅटचं आयर्न तिथे दमतं. मग माणूस वीस-वीस सेकंद आयर्न टेकवून धरतो आणि आतली कार्बन पट्टी भाजून निघते. पॉलिश पेपरने पाठ चकचकीत घासा, आयर्नचं चपटं अंग आडवं टेकवा, चार-पाच सेकंदांत सोल्डर पसरलं पाहिजे. नाही पसरलं तर थांबा, पॉट हाताला थंड लागू द्या, पुन्हा घासा. आयर्न कमी वॅटचंच असेल तर पाठीला हातच लावू नका: पॉटच्या नटाखाली बसणारी, सोल्डरसाठी शेपूट असलेली वॉशर मिळते, ती घालून ग्राउंडच्या तारा त्या शेपटीला जोडा. ही युक्ती मला पाठीवरच्या सोल्डरपेक्षा जास्त आवडते, कारण पॉट बदलताना काही जाळावं लागत नाही.

जोडणीचा क्रम

पोकळीत वाकून काम करू नका. जाड पुठ्ठ्यावर गिटारवरच्या भोकांचा ठसा घ्या, पुठ्ठ्याला भोकं पाडा, पॉट आणि स्विच त्यात उलटे बसवा. सगळं टेबलावर जोडायचं आणि शेवटी तयार सांगाडा पोकळीत सोडायचा. तारा लागतील त्याहून तीनेक सेंटिमीटर लांब ठेवा.

१. व्हॉल्यूम पॉटचा उजवा पाय मागे वाकवून पॉटच्या पाठीला सोल्डर करा. हा पाय आता ग्राउंड.

२. दोन्ही पॉटच्या पाठी एका तारेने जोडा. ग्राउंडसाठी सगळीकडे काळीच वायर वापरा.

३. टोन पॉटच्या मधल्या पायाला कपॅसिटरचं एक टोक, दुसरं टोक त्याच पॉटच्या पाठीला. कपॅसिटरला उलट-सुलट नसतं. त्याच्या उघड्या पायांवर स्लीव्ह चढवा.

४. टोन पॉटच्या उजव्या पायापासून एक तार व्हॉल्यूम पॉटच्या डाव्या पायाला. टोनचा डावा पाय रिकामाच राहतो.

५. टोगलचा बाहेर जाणारा पाय व्हॉल्यूमच्या त्याच डाव्या पायाला. त्या पायावर आता दोन तारा आहेत. दोन्ही एकदम घालून एकच सोल्डर द्या. टोगलचा ग्राउंड पाय पॉटच्या पाठीला.

६. व्हॉल्यूमचा मधला पाय जॅकच्या लवचिक पातीच्या पायाला, जी प्लगच्या टोकाला शिवते. जॅकचा दुसरा पाय, म्हणजे बाहेरच्या नळीशी जोडलेला, पॉटच्या पाठीला. जॅक लांब असेल तर इथे शिल्डेड वायर वापरा आणि तिची जाळी ग्राउंड म्हणून जोडा. कुठला पाय कुठला याचा गोंधळ झाला, तर केबल जॅकमध्ये घालून दुसऱ्या टोकाच्या प्लगवर कंटिन्युइटी बघा.

७. सांगाडा पोकळीत बसवा. ब्रिजखालून आणलेली ग्राउंडची तार पॉटच्या पाठीला जोडा. या तारेचं ब्रिजकडचं टोक दोन-तीन सेंटिमीटर सोलून, चपटं करून ब्रिजखाली दाबायचं. ब्रिज आवळल्यावर ब्रिज आणि पॉटची पाठ यांच्यात बीप आलाच पाहिजे. तांब्याच्या पट्टीलाही एक ग्राउंड तार द्या.

८. शेवटी पिकअप. हॉट तारा टोगलच्या 'नेक' आणि 'ब्रिज' पायांना, ग्राउंडच्या तारा पॉटच्या पाठीला. पिकअपच्या तारा ओढून ताणू नका. पोकळीत एक ढिला वळसा असू द्या.

झाकण लावण्याआधी

केबल लावा, तिचं दुसरं टोक ॲम्पला नव्हे, मल्टिमीटरला: लाल पिन प्लगच्या टोकाला, काळी नळीला, रेंज २० के. व्हॉल्यूम पूर्ण उघडा. समजा वहीतले आकडे ब्रिज ७.० आणि नेक ६.५ असे आहेत. खटका ब्रिजवर असताना सुमारे ६.८ दिसेल, नेकवर ६.३, मध्ये ३.३. पॉटचा रेझिस्टन्स समांतर असल्यामुळे आकडे मुळापेक्षा किंचित खाली येतात. मध्ये दोन पिकअप समांतर येतात म्हणून निम्म्यावर. टोन फिरवून आकडा हलत नाही, कारण कपॅसिटर मीटरच्या डीसीला वाटच देत नाही. रेंज २०० के करून व्हॉल्यूम हळूहळू खाली आणा. आकडा आधी साठ-सत्तर किलोओहमपर्यंत चढतो, मग उतरत शून्यावर येतो. चढताना पाहून घाबरू नका, ते बरोबर आहे. हे सगळं जुळलं तर एकही तार न बघता सांगता येतं की वायरिंग बरोबर झाली.

आता ॲम्प, कमी आवाजावर. स्क्रूड्रायव्हरने पिकअपच्या खुंट्यांवर हलके टकटक करा. खटका ज्या पिकअपवर, त्याचाच टकटकाट मोठा ऐकू आला पाहिजे. दोन्ही उलटे झाले असतील तर टोगलवरच्या दोन हॉट तारा बदला.

आवाजच नाही: शंभरातल्या बहुतेक वेळा जॅक. पात पट्टीला टेकतेय का बघा. घरघर आहे, पण गिटारच्या वाजवायच्या तारांना हात लावला की कमी होते: हे ठीक आहे, ग्राउंड पोचतोय. तारांना हात लावल्यावर घरघर वाढते: जॅकवर हॉट आणि ग्राउंड उलटे लागलेत. तारांना हात लावून फरक नाही, पण प्लगच्या धातूला लावल्यावर घरघर थांबते: ब्रिजची तार सुटली. मधल्या जागी आवाज पातळ, पोकळ: फेज उलटी. टोन शून्यावर आणल्यावर सगळाच आवाज जातो: कपॅसिटर शॉर्ट झालाय, नाहीतर त्याचा पाय दुसऱ्या पायाला चिकटलाय. कोकणात किंवा गोव्यात पावसाळ्यात बंद पडून राहिलेल्या गिटारचा जॅक आणि पॉट खरखरतात, तिथे कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा मारून नॉब वीस-पंचवीस वेळा फिरवला की बहुधा काम भागतं.

घरच्या अर्थिंगबद्दल

गिटारच्या आत २३० व्होल्टचा काहीही संबंध नाही. पण ब्रिजची ग्राउंड तार केबलमधून ॲम्पच्या सांगाड्याला जोडलेली असते, म्हणजे तुमची बोटं ॲम्पच्या सांगाड्यावर ठेवल्यासारखीच असतात. ॲम्पला चांगलं अर्थिंग असेल तर ही सुरक्षित जागा आहे. जुन्या चाळीत, वाड्यात किंवा गावच्या मांडवात तीन पिनच्या सॉकेटमधली अर्थची पिन पुष्कळदा नुसती दाखवायला असते. तिथे गिटारच्या तारांना हात लावून मुंग्या आल्या किंवा माइकला ओठ लागताच झटका बसला, तर वाजवणं ताबडतोब थांबवा आणि वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या. घरात ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) असणं उत्तम. घरघर घालवायला ॲम्पच्या प्लगची तिसरी पिन काढायचा सल्ला कुणी दिला तर अजिबात ऐकू नका. घरघर सहन होते, झटक्याने जीव जातो.

पुढच्या गिटारसाठी

हंबकर लावलात तर पॉट ५०० केचे घ्या. पॉटचा रेझिस्टन्स जितका कमी तितके उंच स्वर दबतात. सिंगल-कॉइल मुळात धारदार, त्याला २५० के शोभतो, हंबकर जाडसर असतो, त्याला मोकळीक द्यावी लागते. चार तारांच्या हंबकरमध्ये रंग पाहून जोडू नका, कंपनी पाहून जोडा. सेमूर डंकनमध्ये काळी तार हॉट, पांढरी आणि लाल एकमेकींना जोडून झाकून ठेवायच्या, हिरवी आणि उघडी ग्राउंडला. दिमार्झिओमध्ये लाल तार हॉट, काळी आणि पांढरी एकत्र, हिरवी आणि उघडी ग्राउंडला. एकाची हॉट ती दुसऱ्याच्या मधल्या जोडातली. बॉक्सवर कंपनी लिहिलेली नसेल तर दोन-दोन तारा मीटरने मोजून आधी कॉइलच्या जोड्या शोधा.

व्हॉल्यूम खाली केल्यावर आवाज बोथट होतो, ही तक्रार बहुतेक वादकांची असते. त्यावर सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे पन्नाशीच्या दशकातली जोडणी: चौथ्या पायरीतली टोनकडे जाणारी तार व्हॉल्यूमच्या डाव्या पायावरून काढून मधल्या पायाला लावा. एकच तार हलवायची. उंच स्वर बरेच टिकतात, फक्त टोन फिरवल्यावर व्हॉल्यूमही किंचित हलतो. ते नको असेल तर व्हॉल्यूमच्या डाव्या आणि मधल्या पायांमध्ये १ नॅनोफॅरडचा कपॅसिटर आणि १५० केचा रेझिस्टर, दोन्ही समांतर, लावून बघा. मला स्वतःला पहिला उपाय जास्त भावतो, नॉब फिरवताना आवाजाचा पोत तुटत नाही.

तारा चढवल्यावर शेवटचं काम पिकअपच्या उंचीचं. सगळ्यात जाड आणि सगळ्यात बारीक तार शेवटच्या फ्रेटवर दाबून धरा आणि तारेपासून खुंटीपर्यंतचं अंतर मोजा. जाड तारेखाली अडीच मिलिमीटर, बारीक तारेखाली दोन, इथून सुरू करा. सिंगल-कॉइलचं चुंबक फार जवळ आलं तर ते तारेला खेचतं, वरच्या फ्रेटवर स्वर डगमगतो आणि कितीही ट्यून केलं तरी बेसूर वाटतं. तसं झालं तर अर्धा-अर्धा फेरा देत पिकअप खाली घ्या. मग खटका नेक आणि ब्रिज यांच्यात मागेपुढे करत दोन्हींचा आवाज सारखा होईपर्यंत नेकचा पिकअप हळूहळू उतरवत जा. नेकजवळ तार जास्त हेलकावते, त्यामुळे तो जवळजवळ नेहमीच ब्रिजपेक्षा खाली बसतो.